तोंडं किती आणि बाजू किती

‘मृत्युंजय’ वाचलेल्या कुणालाही विचारा, ही कादंबरी सांगतं कोण? बहुतेक जण चटकन म्हणतील, कर्ण. उत्तर अर्धंच बरोबर आहे. शिवाजी सावंतांच्या या कादंबरीचे (१९६७) नऊ भाग आहेत आणि त्यांतले चारच कर्णाच्या तोंडी आहेत. उरलेल्या पाचांत कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण बोलतो. एकूण सहा निवेदक. तरीही पुस्तक मिटल्यावर कानात आवाज उरतो तो एकट्या कर्णाचा.

याचं कारण वाचकाचा विसराळूपणा नाही. सहाही जण एकाच माणसाबद्दल बोलतात आणि फिरून फिरून एकाच निकालापाशी येतात: कर्णावर अन्याय झाला. कुंती अपराधी मनाने बोलते, वृषाली प्रेमाने, शोण भावाच्या भक्तीने. दुर्योधन त्याच्या मतलबाने बोलतो. कृष्ण तर समोरच्या रथावरचा सारथी, पण कर्णाच्या मोठेपणाची शेवटची साक्ष त्याचीच आहे. साक्षीदार सहा आणि सगळे बचाव पक्षाचे! द्रौपदीला या नऊ भागांत स्वतःचा भाग नाही, अर्जुनालाही नाही. द्यूतसभेतला तो दिवस द्रौपदीच्या तोंडून सलग पन्नास पानं ऐकावा लागला असता, तर ही कादंबरी जशी उभी आहे तशी उभी राहिली असती का? मला नाही वाटत. अर्थात ही सावंतांविरुद्धची तक्रार नाही. त्यांना कर्णाची बाजू मांडायची होती आणि ती त्यांनी अशी मांडली की मराठी घरांतला कर्ण कायमचा बदलून गेला.

पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कादंबरीत किती जण बोलतात आणि कादंबरी किती बाजूंनी विचार करते, हे दोन वेगळे हिशेब आहेत. युद्ध, दंगल, फाळणी, यादवी यांवरच्या कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर ‘अनेक दृष्टिकोनांतून सांगितलेली कथा’ असं छापलेलं असलं की आपण समजून चालतो, इथे सगळ्यांना समान संधी मिळाली असणार. तसं नसतं. बऱ्याचदा तसं असूही नये.

आधी रचनेबद्दल थोडं. अशा कादंबऱ्या ढोबळमानाने दोन रीतींनी लिहिल्या जातात. एका रीतीत प्रत्येक पात्र ‘मी’ म्हणून स्वतः बोलतं, ‘मृत्युंजय’ त्यातली. दुसऱ्या रीतीत निवेदन ‘तो’, ‘ती’ असंच चालतं, पण एका प्रकरणापुरता लेखक एकाच पात्राच्या डोक्यात मुक्काम करतो. त्या पात्राला जे दिसतं, ऐकू येतं, कळतं तेवढंच आपल्याला कळतं; पुढच्या प्रकरणात मुक्काम हलतो. ही दुसरी रीत वाचायला सोपी वाटते आणि फसवतेही जास्त. ‘मी’ म्हणणारा माणूस समोर असला की आपण सावध असतो, हा स्वतःचं झाकत असणार म्हणून. ‘तो’ आला की आपल्याला वाटतं, हे आता वस्तुस्थितीचं वर्णन आहे. खरं तर तिथेही चष्मा पात्राचाच असतो.

या विषयावर बोलताना कुणीतरी ‘रॅशोमॉन’चं नाव काढतंच, म्हणून तेही इथेच उरकून घेऊ. अकिरा कुरोसावाच्या १९५०च्या त्या चित्रपटातली खुनाची गोष्ट र्युनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाच्या १९२२च्या एका कथेतून आली आहे. झाडीत एका सामुराईचं प्रेत सापडतं आणि कथेत सात जबान्या येतात: लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, मृताची सासू, दरोडेखोर, मृताची बायको, आणि अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून खुद्द मेलेला माणूस. दरोडेखोर म्हणतो, मी मारलं. बायको म्हणते, मी मारलं. मेलेला म्हणतो, मीच स्वतःला संपवलं. तिघांतला कुणीही हात झटकत नाही. मरण प्रत्येकाला आपल्या नावावर हवं आहे, कारण त्यातच प्रत्येकाची अब्रू शाबूत राहते. आणि लेखक निकाल न देताच कथा संपवतो.

कथा अप्रतिम आहे. तिच्यावरून लोकांनी जो धडा घेतला त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘सत्य असं काही नसतं, ज्याचं त्याचं सत्य असतं’ हे वाक्य एका झाडीतल्या एका प्रेताबद्दल चालून जाईल. एखाद्या शहरात आठवडाभर माणसं कापली गेली असतील तिथे ते चालत नाही. तिथे काय घडलं हा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेला असतो. कबरी असतात, नोंदी असतात, वाचलेली माणसं असतात. प्रश्न असतो तो हा, की ते कुणी पाहिलं, कुणी पाहायचं टाळलं आणि पुढे ते सांगायचा हक्क कुणाचा. युद्धाच्या चांगल्या कादंबऱ्या याच प्रश्नासाठी एकापेक्षा जास्त डोळे वापरतात.

हे नीट दिसावं म्हणून एकच कादंबरी घेऊ आणि तिच्यात जरा मुक्काम करू. नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’, २००६ची. (पुढे कथानकातली महत्त्वाची वळणं उघड होतील. पुस्तक वाचायचं ठरवलं असेल तर आधी ते वाचा, हा लेख कुठे पळून जात नाही.)

पार्श्वभूमी थोडक्यात. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. उत्तरेत हाउसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा आणि पूर्वेत ईग्बो हे तीन मोठे समाज, शिवाय शेकडो लहान समाज. जानेवारी १९६६मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं. त्यांच्यात ईग्बो जास्त होते आणि मारल्या गेलेल्या बड्या नेत्यांत उत्तरेकडचे जास्त, पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांच्यासह. जुलैमध्ये उलटं बंड झालं. त्या वर्षी उत्तरेत राहणाऱ्या हजारो ईग्बोंची कत्तल झाली आणि लाखो लोक जीव घेऊन पूर्वेकडे पळाले. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने ‘बियाफ्रा’ नावाचा स्वतंत्र देश जाहीर केला. त्याच्या झेंड्यावर अर्धा पिवळा सूर्य होता. जुलैत युद्ध सुरू झालं. बियाफ्राची नाकेबंदी झाली आणि जानेवारी १९७०मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, आणि बहुसंख्य लोक गोळीने नव्हे, उपासमारीने आणि रोगराईने गेले. फुगलेल्या पोटांच्या मुलांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले होते.

अदिचींचा जन्म १९७७चा, युद्ध संपून सात वर्षांनी. त्यांचे दोन्ही आजोबा या युद्धात गेले. म्हणजे लेखिका तटस्थ नाही, आणि तसा आवही आणत नाही.

ही एवढी मोठी गोष्ट अदिची तीनच पात्रांच्या डोळ्यांनी दाखवतात. उग्वू हा खेड्यातून आलेला तेरा वर्षांचा पोरगा. न्सुका विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या ओडेनिग्बोच्या घरी तो कामाला लागतो. ओलाना ही लागोसच्या गडगंज घरातली, विलायतेत शिकलेली, ओडेनिग्बोवर प्रेम करणारी. आणि रिचर्ड हा बुजरा इंग्रज. प्राचीन ईग्बो कलेच्या ओढीने आलेला आणि ओलानाच्या जुळ्या बहिणीच्या, काइनेनेच्या प्रेमात पडलेला.

निवड बघा. नोकर, श्रीमंत घरची लेक, परदेशी गोरा. एकच घर, एकच दिवाणखाना, पण तिघांना तिथे वेगवेगळं दिसतं. संध्याकाळी ओडेनिग्बोकडे प्राध्यापक जमतात, पितात, वसाहतवादावर वाद घालतात. आपण तो वाद उग्वूच्या कानांनी ऐकतो, म्हणजे अर्धवट, आणि त्याचं निम्मं लक्ष स्वयंपाकात. पण युद्ध सुरू झाल्यावर घरातलं खाणं कसं आटत गेलं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? बड्या चर्चा करणारा मालक दारूत बुडत जातो आणि घर पोरगा सांभाळतो. हे चित्र ओडेनिग्बोच्या डोक्यातून लिहिलं असतं, तर एका विचारवंताची शोकांतिका झाली असती. उग्वूमुळे तसं होत नाही.

ओलानाकडून आपल्याला कत्तल दिसते. ती कानो शहरात मामाच्या घरी जाते आणि तिथे तिला प्रेतं दिसतात. मारणाऱ्यांत मामाच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा माणूस आहे. आणि तिला तिथून गाडीत घालून बाहेर काढतो तो तिचा पूर्वीचा प्रियकर मोहम्मद, तोही हाउसाच. एकाच प्रकरणात मारणारा आणि तारणारा एकाच समाजाचे आहेत. भाबडा लेखक इथे थांबून म्हणाला असता, ‘बघा, सगळे सारखे नसतात.’ अदिची थांबत नाहीत. परतीच्या आगगाडीत ओलानाशेजारी एक बाई बसलेली असते, मांडीवर भोपळ्याचं झाकलेलं भांडं घेऊन. ती झाकण उघडते. आत तिच्या लहान मुलीचं डोकं असतं, केसांच्या वेण्या घातलेलं.

हे दृश्य कादंबरीत दोनदा येतं, आणि अशा कादंबऱ्या कशा वाचाव्यात ते मी तरी इथेच शिकलो. कादंबरीच्या अधूनमधून एका दुसऱ्याच पुस्तकाचे तुकडे येतात. ‘तो’ या युद्धावर एक पुस्तक लिहितो आहे, एवढंच आपल्याला सांगितलं जातं. पहिल्याच तुकड्यात ही बाई आणि तिचं भांडं येतं, नोंद केल्यासारखं: भांड्यावरची नक्षी कशी होती, मुलीचे केस कसे होते. प्रत्यक्ष आगगाडीचा प्रसंग आपण नंतर वाचतो, ओलानाच्या बाजूने. आधी नोंद, मग अनुभव. अशी पुनरावृत्ती दिसली की पानं भराभर उलटू नयेत. दुसऱ्या वेळी काय वाढलं, काय गळलं, हे बघावं.

आणि हा ‘तो’ कोण? जवळजवळ प्रत्येक वाचक धरून चालतो, रिचर्ड. तो लेखक आहे, त्याच्या हस्तलिखितांची चर्चा चालते, पुस्तकाचं नावही त्यालाच सुचलेलं असतं. शेवटी कळतं की पुस्तक लिहिणारा उग्वू आहे. गोऱ्या माणसाने आपण होऊन मान्य केलेलं असतं, की हे युद्ध सांगणं त्याचं काम नाही. आपण रिचर्ड का धरला? पुस्तक लिहिणार तर तो शिकलेला परदेशी, घरगडी थोडाच, हे आपण न बोलता गृहीत धरलं म्हणून. अदिचींनी हा सापळा पहिल्या भागापासून लावलेला असतो आणि त्यात फक्त पात्रं नाहीत, वाचकही अडकतो.

रिचर्डचा उपयोग मग काय? बराच आहे. बियाफ्राच्या प्रचारखात्यासाठी त्याने लिहावं असा आग्रह होतो, तोही उघड कारण सांगून: गोऱ्याने लिहिलं की जग मनावर घेतं. अमेरिकेहून आलेले पत्रकार तो छावण्या दाखवायला नेतो आणि हजारो बियाफ्रन मरत असताना ते चौकशी करतात मारल्या गेलेल्या मोजक्या गोऱ्यांची. बाहेरचं जग हे युद्ध कोणत्या तराजूत तोलत होतं, हे ना उग्वूला दिसलं असतं ना ओलानाला. त्यासाठी आत-बाहेर दोन्हीकडे पाय असलेला माणूसच हवा होता.

आता डोळे कुणाला दिले नाहीत ते पाहू. ओडेनिग्बोला नाहीत. काइनेनेला नाहीत, आणि माझ्या मते ही या कादंबरीतली सर्वांत धारदार चाल आहे. काइनेने तिखट जिभेची, व्यवहारी, कुणाला अंदाज न लागू देणारी. तिला आपण कायम बहिणीच्या किंवा रिचर्डच्या नजरेतून बघतो. युद्धाच्या शेवटी ती शत्रूच्या मुलखात माल विकत घ्यायला म्हणून जाते आणि परत येत नाही. प्रेत नाही, बातमी नाही, काही नाही. आपण तिच्या डोक्यात कधीच गेलेलो नसतो, त्यामुळे आता जायला जागाच नसते. बेपत्ता माणसाच्या घरच्यांची जी गत होते तीच वाचकाची होते.

आणखी एकाला डोळे नाहीत: मोहम्मदला, किंवा उत्तरेकडच्या कुणालाही. संघराज्याच्या, म्हणजे नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या, सैन्यातला एकही शिपाई या कादंबरीत आतून दिसत नाही. जानेवारीच्या बंडाला ‘ईग्बोंचं बंड’ का म्हटलं गेलं, याचा युक्तिवाद येतो तो दिवाणखान्यातल्या एका पाहुण्याच्या वाक्यात, येतो आणि ओसरून जातो. म्हणजे तीन तोंडं असूनही ही मुळात एका बाजूची कादंबरी आहे. हा दोष आहे का? मला तो दोष वाटत नाही, पण माहीत असायला हवं. कत्तल झालेल्यांची गोष्ट सांगताना दर प्रकरणाआड कत्तल करणाऱ्याला माइक द्यायचा, याला मी समतोल म्हणणार नाही. ‘दोन्ही बाजू दाखवा’ ही मागणी पुष्कळदा बलवान बाजूच्या सोयीची असते.

मात्र अदिची स्वतःच्या बाजूला सोडत नाहीत, आणि इथे त्यांनी तीन डोळ्यांचा सर्वांत कठोर वापर केला आहे. उग्वूला बियाफ्राचे सैनिक जबरदस्तीने भरती करतात. पुढे एका दारूच्या गुत्त्यात त्याचे साथीदार तिथे काम करणाऱ्या मुलीवर बलात्कार करतात आणि उग्वूही त्यात सामील होतो. ज्याच्या हाताला धरून आपण या गोष्टीत शिरलो, ज्याच्यावर माया जडली, तोच. युद्धानंतर तो गावी जातो तेव्हा कळतं की त्याच्या बहिणीवर शत्रूच्या सैनिकांनी हेच केलं आहे. आणि युद्धाचा इतिहास लिहिणार आहे तो हाच उग्वू. त्याच्या पुस्तकाचे जे तुकडे आपल्याला वाचायला मिळतात, त्यांत गुत्त्यातली ती मुलगी कुठेही नाही.

चार आंधळे आणि हत्ती ही गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते, पण इथे ती कामाची नाही. प्रत्येकाच्या हाताला लागलेले तुकडे जोडले की अख्खा हत्ती तयार होतो, असं तिचं गणित आहे. उग्वू, ओलाना आणि रिचर्ड जोडून अख्खं बियाफ्रा होत नाही. गुत्त्यातली मुलगी, काइनेने, मोहम्मद बाहेरच राहतात.

वाचताना मी एक साधी सवय ठेवतो. पुस्तकात खूणचिठ्ठी म्हणून ठेवलेल्या कागदावर दर प्रकरणासमोर फक्त नाव लिहायचं: डोळे कुणाचे. बाकी टिपणं नकोत, नाहीतर वाचणं राहून जातं. अर्ध्या पुस्तकापर्यंत कागदावर नमुना दिसू लागतो. सर्वांत भयानक प्रसंग कुणाच्या वाट्याला आले? नेमक्या कोणत्या घटनेच्या वेळी लेखकाने मुक्काम हलवला? काळाची उलटापालटही अशीच टिपावी. अदिचींच्या कादंबरीचे चार भाग सरळ क्रमाने येत नाहीत: साठच्या दशकाची सुरुवात, मग अखेर, पुन्हा सुरुवात, पुन्हा अखेर. दुसऱ्या भागात दोन बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत आणि आपल्याला कारण माहीत नसतं. ते तिसऱ्यात कळतं, ओलाना आणि रिचर्ड यांच्यात काय घडलं ते. सुरुवातीला थोडा वैताग येतो, एका पात्रात जीव गुंतला की प्रकरण संपतं. तो वैताग सोसावा. आणि पहिल्यांदा भेटलेल्या पात्राकडे आपण जरा जास्तच झुकतो, हेही ध्यानात ठेवावं. उग्वू पहिला भेटतो हा योगायोग नव्हे.

मग बियाफ्राच्या युद्धाची दुसरी बाजू कुठे वाचायची? दुसऱ्या पुस्तकात. केन सारो-विवा हे ओगोनी समाजाचे. ओगोनी हा पूर्वेतलाच, पण ईग्बो नसलेला छोटा समाज. बियाफ्रा जाहीर करताना आपल्याला कुणी विचारलं नाही, अशी अशा समाजांतल्या अनेकांची तक्रार होती, आणि सारो-विवा त्या युद्धात संघराज्याच्या बाजूने उभे राहिले, बॉनी या बंदराचे प्रशासक झाले. (तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध लढणारे म्हणून ते पुढे जगाला माहीत झाले, १० नोव्हेंबर १९९५ रोजी नायजेरियाच्या लष्करी राजवटीने त्यांना फासावर चढवलं.) त्यांची ‘सोझाबॉय’ ही कादंबरी १९८५ची. तिच्यात निवेदक एकच आहे: मेने नावाचा खेड्यातला तरुण, लॉरीवर काम शिकणारा. गणवेशाच्या आणि बायकोसमोर रुबाब दाखवण्याच्या हौसेने तो सैन्यात जातो, शत्रू कोण हे त्याला धड कळलेलं नसतं, आणि नशिबाच्या फेऱ्यात तो दोन्ही सैन्यांत नोकरी करून बसतो. दोन्हीकडे त्याला एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो, इकडच्या गणवेशात आणि तिकडच्याही. तोंड एक आणि बाजू दोन! ‘मृत्युंजय’च्या बरोबर उलटा हिशेब.

दोन्ही वाचणार असाल तर आधी अदिची घ्या, कारण ‘सोझाबॉय’मध्ये तारखा आणि राजकारण समजावून सांगायला कुणी नाही, मेनेलाच ते माहीत नसतं. तिची इंग्रजी मुद्दाम मोडकीतोडकी आहे, बाजारातली, लॉरीवाल्यांची. पहिली दहा-बारा पानं अडखळायला होतं. मोठ्याने वाचून बघा, पटकन वळण पडतं. आणि अडलेल्या शब्दांसाठी पुस्तकाच्या शेवटी यादी आहे.